सन कंट्रोल फिल्म निवडताना: टीएसईआर, सिरॅमिक आणि कारागिराचा हात

सन कंट्रोल फिल्म विकणाऱ्या काउंटरवर बहुधा एक पेटी ठेवलेली असते. आत हीट लॅम्प, समोर खाच आणि खाचेत फिल्म चिकटवलेला काचेचा तुकडा. साध्या काचेमागे हात धरला की चटका बसतो, महागड्या फिल्ममागे धरला की काहीच जाणवत नाही आणि गिऱ्हाईक तिथल्या तिथे पटतं. प्रयोग खोटा नसतो, पण अर्धवट असतो. त्या दिव्याची बहुतेक सगळी ऊर्जा इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी उष्ण किरणं असते, उन्हातली साधारण निम्मी. शिवाय तोच तुकडा दिव्यासमोर दहा मिनिटं ठेवला तर तो स्वतः तापतो आणि मग मागच्या हाताला त्या तापलेल्या काचेचीच धग लागते. विक्रेता सहसा दहा मिनिटं थांबत नाही.

गाडीसाठी उष्णतारोधक फिल्म घेताना होणाऱ्या बहुतेक चुका या पेटीपासून सुरू होतात. म्हणून बाजारातल्या फिल्मच्या जातींचं हे परीक्षण आकड्यांपासून सुरू करतो. निकाल आधीच सांगून टाकायचा तर असा: पैसे मोजके असतील तर चारही बाजूंना काळी फिल्म लावण्यापेक्षा फक्त पुढच्या काचेला चांगली पारदर्शक सिरॅमिक (इन्फ्रारेड शोषणारे सूक्ष्म कण मिसळलेली फिल्म) लावा. आणि फिल्म कितीही भारी असली तरी बसवणारा कच्चा असेल तर मधल्या दर्जाची फिल्म पक्क्या हाताकडून बसवून घेतलेली बरी.

तीन आकडे, आणि त्यातला एकच कामाचा

जमिनीवर पोचणाऱ्या उन्हाची ऊर्जा ढोबळमानाने अशी वाटली जाते: अतिनील म्हणजे यूव्ही 3 टक्के, दिसणारा प्रकाश 44 टक्के, इन्फ्रारेड 53 टक्के. फिल्मच्या पत्रकावर या तिन्हींविषयी आकडे असतात.

यूव्हीचा 99 टक्के हा आकडा पाहून भाळू नका. बऱ्यापैकी कुठल्याही कंपनीची, अगदी खालच्या दर्जाची फिल्मही तेवढं अडवते, कारण ते काम पॉलिएस्टरमध्ये आणि डिंकात मिसळलेले यूव्ही शोषक करतात. पुढची काच दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पापुद्रा घालून बनवलेली असते, त्यामुळे ती मुळातच बहुतेक यूव्ही अडवते. कातडीला आणि सीटच्या कापडाला त्याचा उपयोग आहे, पण उष्णतेच्या हिशेबात सगळं यूव्ही अडवलं तरी हाती लागतात फक्त 3 टक्के.

व्हीएलटी म्हणजे दिसणाऱ्या प्रकाशापैकी किती टक्के आत येतो ते. फिल्मच्या नावापुढे 70, 50, 35, 20, 5 असे आकडे असतात ते साधारण हेच. आकडा जितका लहान तितकी काच काळी.

कामाचा आकडा तिसरा, टीएसईआर (टोटल सोलर एनर्जी रिजेक्टेड). काचेवर पडलेल्या एकूण सौर ऊर्जेपैकी शेवटी किती बाहेर राहिली, ते हा सांगतो. यात परावर्तित झालेली ऊर्जा पूर्ण मोजतात आणि शोषलेली अर्धीमुर्धी, कारण शोषलेली उष्णता काच तापवते आणि तापलेली काच ती दोन्हीकडे सोडते. प्रमाणित परिस्थितीत, म्हणजे बाहेर ताशी 24 किलोमीटरचा वारा धरून, शोषलेल्यापैकी साधारण 73 टक्के बाहेर जाते आणि 27 टक्के आत. गाडी सिग्नलला उभी असली, वारा पडलेला असला, की हे गणित बिघडतं आणि आत येणारा वाटा वाढतो. एसीचा झोत पुढच्या काचेवर सोडून ठेवला तरी तेच होतं, म्हणून उन्हात काचेकडची झडप बंद ठेवावी.

आता पाटी घ्या आणि मांडून पाहा. समजा एक आदर्श फिल्म आहे: सगळं यूव्ही आणि सगळं इन्फ्रारेड अडवते, पण परावर्तन शून्य, नुसतं शोषण. व्हीएलटी 70. प्रकाशाच्या 44 पैकी 31 आत आले. उरलेले 69 शोषले गेले, त्यातले 27 टक्के म्हणजे 19 आत झिरपले. एकूण 50 आत, म्हणून टीएसईआर 50. व्हीएलटी 50 केली तर टीएसईआर 57. 35 केली तर 62. अगदी 5 केली, गाडीत रात्र केली, तरी 71.

या हिशेबातून दोन गोष्टी निघतात. पहिली, 50 वरून 35 ची काळी फिल्म लावून हाती लागतात फक्त पाच गुण, आणि रात्री आरसा दिसेनासा होतो तो वेगळाच. दुसरी, पारदर्शक सिरॅमिकवर 70 ची व्हीएलटी आणि 65 चा टीएसईआर असं छापलं असेल तर ते पत्रक खाली ठेवा. काचेचं स्वतःचं थोडं परावर्तन धरलं तरी शोषणाऱ्या फिल्मचा आकडा पन्नाशीच्या थोडाच पुढे जाऊ शकतो. त्याहून वर जायचं तर इन्फ्रारेड परावर्तित करणारी फिल्म हवी, आणि ती जात वेगळी.

उलट बाजूही पाहा. स्वस्त रंगीत फिल्म, व्हीएलटी 5. प्रकाश जवळजवळ सगळा अडला, पण नुसता रंग इन्फ्रारेडला फारसा हात लावत नाही. त्यातलं 80 टक्के पार झालं असं धरलं तर टीएसईआर येतो चाळिशीच्या आसपास. म्हणजे कोळशासारखी काळी काच, आणि तरीही पाण्यासारख्या पारदर्शक सिरॅमिकपेक्षा गरम.

आणखी एक मेख. पत्रकावरचे आकडे 3 मिलिमीटर जाडीच्या साध्या बिनरंगी काचेवर मोजलेले असतात. त्या नुसत्या काचेचाच टीएसईआर 14 असतो. म्हणजे 50 लिहिलेल्या फिल्मची स्वतःची कमाई 36. गाडीच्या काचा तर बहुधा हिरवट असतात, त्यातलं लोह इन्फ्रारेडचा बराच भाग आधीच शोषतं. त्यामुळे गाडीवर मिळणारा फरक पत्रकापेक्षा नेहमीच कमी. फिल्म वाईट नसते, आधीची काच तेवढी वाईट नसते इतकंच.

“97 टक्के आयआर” कुठून येतो

पत्रकावर सगळ्यात ठळक छापलेला आकडा आयआर रिजेक्शनचा, म्हणजे किती इन्फ्रारेड अडवलं त्याचा. तो बघताना एकच प्रश्न विचारायचा: कुठल्या तरंगलांबीवर? इन्फ्रारेडचा सौर पट्टा 780 पासून 2500 नॅनोमीटरपर्यंत पसरलेला आहे. खिशातल्या मीटरमध्ये बहुधा 950 च्या आसपासचा एक एलईडी असतो, काहींत सोबत 1400 चा. मीटर त्या एका बिंदूवर काय होतं एवढंच सांगतो.

सिरॅमिक फिल्ममध्ये जे सूक्ष्म कण असतात त्यांची प्रत्येकाची आवड वेगळी. अँटिमनी टिन ऑक्साइड आणि इंडियम टिन ऑक्साइड हे कण 1300–1400 च्या पुढे जोरात काम करतात, 800 ते 1000 या भागात मात्र ढिले पडतात. उन्हातल्या इन्फ्रारेडची ऊर्जा नेमकी याच अलीकडच्या भागात जास्त असते. म्हणून 1400 च्या मीटरवर ही फिल्म शंभराला भिडते आणि गाडीत बसल्यावर मांडी भाजते. सीझियम टंगस्टन ऑक्साइडचे कण 800 च्या पुढून पकड घेतात, म्हणून आज चांगल्या सिरॅमिकमध्ये बहुधा तेच सापडतात. किंचित निळसर छटा ही त्यांची खूण. लँथेनम हेक्साबोराइड 1000 च्या आसपास शोषतं आणि हिरवट झाक देतं. दुकानदाराला कणांची नावं माहीत असतीलच असं नाही, पण 950 आणि 1400 असे दोन्ही आकडे मागितले की फिल्मची जात कळते. पूर्ण पट्ट्याची, आत झिरपणारी उष्णता धरून काढलेली बेरीज पत्रकावर असेल तर सोन्याहून पिवळं. तो आकडा 97 वरून धाडकन सत्तरीत उतरला तर दचकू नका, खरा तोच.

जातींचा निकाल

रंगीत फिल्म. खासगीपणा हवा असेल, चकाकी कमी हवी असेल तर ठीक. उष्णतेसाठी नको. दोन-चार उन्हाळ्यांत रंग उडून जांभळा पडतो, कारण मिश्रणातले इतर रंग आधी मरतात.

कार्बन फिल्म. रंग टिकतो, मॅट काळेपणा चांगला दिसतो, सिग्नलला अडथळा नाही. उष्णता रंगीतपेक्षा बरी अडवते, पण प्रकाश न अडवता इन्फ्रारेड अडवणं तिला जमत नाही. मागच्या दारांना, डिकीच्या काचेला स्वस्तात चालेल. पुढच्या काचेला अजिबात नाही.

धातूची फिल्म. पॉलिएस्टरवर अॅल्युमिनियम, निकेल-क्रोम यांचा थर बसवलेला. परावर्तन करते म्हणून काच स्वतः कमी तापते. इमारतींवर ती उत्तम. गाडीत मात्र मोबाइल, जीपीएस, टोलचा टॅग, काही गाड्यांत चाकातल्या हवेचे सेन्सर, यांच्या लहरी वाटेत अडतात. मागच्या काचेवर छापलेला रेडिओचा अँटेना असेल तर खरखर ऐकू येते. बाहेरून आरशासारखी चमकते आणि रात्री आतून तसाच आरसा दिसतो.

यात एक अपवाद आहे. चांदीचे अतिपातळ थर एकावर एक देऊन, प्रकाश जाऊ द्यायचा आणि इन्फ्रारेड परतवायचं, अशी फिल्म अमेरिकेतल्या साउथवॉल कंपनीने एक्सआयआर या नावाने बनवली आणि ती व्ही-कूल या नावाने गाड्यांवर गाजली. साउथवॉल 2011 मध्ये सोल्युशियाने घेतली आणि 2012 मध्ये सोल्युशियाच ईस्टमनकडे गेली. काच पारदर्शक ठेवून ऊन परतवण्यात या जातीला आजही तोड कमी. दोष दोन: धातू आहे म्हणून सिग्नलचा प्रश्न राहतोच, आणि काठ नीट बंद झाले नाहीत तर ओल शिरून चांदी कडेने गंजते, तपकिरी डाग आत सरकत येतो.

बहुथरी फिल्म. थ्रीएमची क्रिस्टलाइन हे तिचं ओळखीचं उदाहरण. धातू नाही, दोनशेहून जास्त प्लास्टिकचे थर, प्रत्येकाची जाडी अशी बेतलेली की इन्फ्रारेडचा ठरावीक पट्टा परत फिरतो. सिग्नल मोकळे, काच निवांत. पण फिल्म ताठ असते, हीटगनने (गरम हवेच्या झोताने) आकुंचन पावताना हट्ट करते, आणि फार वक्र मागच्या काचेवर कारागिराचा घाम काढते. काही कोनांतून, विशेषतः उतरत्या उन्हात, तेलकट जांभळी-हिरवी झळाळी दिसते. ज्याला अशा गोष्टी खुपतात त्याने आधी कुणाची तरी लावलेली गाडी उन्हात पाहावी.

सिरॅमिक. बहुतेक गाड्यांसाठी हीच. सिग्नलला अडथळा नाही, रंग टिकतो, बसवायला बहुथरीपेक्षा सोपी. ती मुख्यतः शोषते, त्यामुळे काच हाताला गरम लागते. फिल्म लावल्यावर काच जास्त तापते अशी तक्रार ऐकू येते. तापायलाच हवी, ती उष्णता एरवी सीटवर आणि हातावर पडली असती. सिरॅमिकचा खरा दोष हेझ. कण नीट विखुरलेले नसतील तर समोरून तिरपं ऊन आलं की काचेवर दुधट निळसर धुकं उभं राहतं. पत्रकावर हेझ 1 टक्क्याच्या आत असावं. आणि “सिरॅमिक” या शब्दावर कुणाची मालकी नाही. रंगीत फिल्ममध्ये चिमूटभर कण टाकले तरी तो छापता येतो. म्हणून नाव वाचून नव्हे, टीएसईआर वाचून घ्या, तोही नेमक्या त्याच व्हीएलटीच्या फिल्मचा. त्याच मालिकेतल्या सगळ्यात काळ्या फिल्मचा आकडा जाहिरातीत असतो आणि हातात येते 70 ची.

कोणत्या काचेला काय

पुढची काच आकाराने मोठी, तिरपी, आणि ऊन थेट डॅशबोर्डवर ओतणारी. काळा डॅशबोर्ड तापला की तो स्वतः हीटर होतो आणि एसीची हवा त्याच्यावरूनच वाहते. तरीही लोक चार दारांना फिल्म लावतात आणि पुढची काच कोरी सोडतात. उलट करा. इथे 70 किंवा त्याहून पारदर्शक, कमी हेझची सिरॅमिक किंवा बहुथरी.

पण आधी कायदा आणि गुणाकार. पुष्कळ देशांत पुढच्या काचेतून किमान 70 टक्के प्रकाश आत यावा असा नियम आहे, आणि मोजणी काच अधिक फिल्म अशी होते. कोऱ्या गाडीची काच 78 देते असं धरा. 70 ची फिल्म लावली तर उरतात 61 च्या जवळपास. (पत्रकावरचे 70 हे सुमारे 90 टक्के प्रकाश देणाऱ्या काचेसकट मोजलेले, म्हणून नुसत्या फिल्मचे 78, 78 गुणिले 78.) म्हणजे “70 ची फिल्म आहे, कायद्यात बसते” हे वाक्य बहुतेक गाड्यांवर चूक ठरतं. काही ठिकाणी पुढच्या काचेला फिल्मच चालत नाही, काही ठिकाणी फक्त वरची पट्टी चालते. आपल्या गाडीच्या नोंदणीला लागू असलेला नियम वाचा आणि दुकानात मीटर लावून कोरी काच आधी मोजून घ्या. नाही म्हणणाऱ्या दुकानातून बाहेर पडा.

काही गाड्यांच्या पुढच्या काचेत कारखान्यातूनच धातूचा इन्फ्रारेड परतवणारा थर असतो. बाहेरून तिरपं पाहिलं की तांबूस-जांभळट झाक आणि आरशाजवळ टॅग लावायला सोडलेला वेगळा चौकोन, या खुणा. अशा काचेवर फिल्मचा फायदा अगदी थोडा. तिथे पैसे घालू नका.

पुढच्या काचेवर कॅमेरा आणि पावसाचा सेन्सर यांची जागा फिल्ममधून कापून मोकळी ठेवायची. सेन्सरखालची जेल पॅड काढून परत लावली की त्यात बुडबुडा राहतो आणि वायपर मनाला येईल तेव्हा फिरतात. काचेवर वेगाचा आकडा उमटवणारा डिस्प्ले असेल तर फिल्मनंतर आकड्याची पुसट जोड-प्रतिमा दिसू शकते. लावण्याआधी नमुना तुकडा त्या जागी पाण्याने चिकटवून पाहता येतो, फुकट तपासणी आहे.

पुढच्या दारांना 50–70 सिरॅमिक, कायदा देईल तेवढी. आरसे याच काचांतून पाहायचे असतात हे विसरू नये. मागच्या दारांना मागे बसणाऱ्यांच्या सोयीने.

काचेचं छप्पर वेगळं प्रकरण. तिथून रस्ता पाहायचा नसतो, म्हणून व्हीएलटी विसरा आणि सगळ्यात जास्त टीएसईआर घ्या. पण कारखान्यातून येणारं छप्पर आधीच काळं, शोषणारं असतं. डोक्याला जाणवणारी धग ही उन्हाची कमी आणि तापलेल्या काचेने खाली सोडलेल्या लांब लहरींची जास्त. त्यावर आतून आणखी शोषणारी फिल्म लावली की काच अजून तापते, धग तशीच. तिथे परावर्तन करणारी फिल्म निवडा, नाहीतर साधा जाळीचा पडदा, तो स्वस्त आणि गुणी. छप्पर टेम्पर्ड (तापवून कणखर केलेल्या एका काचेचं) आहे की दोन थरी, हे काचेच्या कोपऱ्यातल्या शिक्क्यावर वाचा. दोन थरी काचेत तापमानाच्या फरकाने तडा जाण्याचा धोका जास्त, म्हणून फिल्म कंपनीचा त्या प्रकारच्या काचेसाठीचा तक्ता आधी मागा.

आणि एक अपेक्षा आत्ताच खाली आणू. दिवसभर उन्हात उभी केलेली गाडी कुठल्याही फिल्मने थंड राहत नाही. उष्णता येण्याचा वेग कमी होतो, थांबत नाही. फायदा जाणवतो तो हातावर पडणाऱ्या उन्हात, आणि एसी चालू केल्यावर गाडी किती लवकर गार होते त्यात.

दुकानात तपासणी

दिव्याची पेटी बाजूला ठेवून उन्हात या. निरभ्र दुपार, सौर ऊर्जा मोजणारा हातमीटर. आधी काच खाली करून मोकळं ऊन मोजा, मग कोरी काच वर करून, मग त्याच काचेवर ओला नमुना चिकटवून. मीटरचा कोन तिन्ही वेळा तोच. फरक काढताना कोऱ्या काचेशी काढायचा, मोकळ्या उन्हाशी नाही. हे स्वस्त मीटर बहुधा सिलिकॉनचे असतात, ते 1100 नॅनोमीटरच्या पुढचं पाहतच नाहीत. तरी दिव्याच्या पेटीपेक्षा खरं सांगतात. शिवाय मीटर फक्त थेट पार झालेलं ऊन मोजतो, काचेने शोषून आत सोडलेलं नाही. म्हणून नमुना दहा मिनिटं ठेवून काचेच्या आतल्या बाजूला हाताची पालथी बाजू जवळ धरा.

मग नमुन्यातून लांबच्या दिव्याकडे पाहा, दिव्याभोवती वलय दिसलं तर ते हेझ. रोलच्या मागच्या कागदावर किंवा खोक्यावर कंपनीचं नाव, मॉडेल आणि रोलचा क्रमांक बघा. वॉरंटी त्या क्रमांकावर नोंदवली जाते. दुकानाच्या पावतीवर नुसतं “सिरॅमिक फिल्म” असेल तर पुढे भांडायला हाती काहीच उरत नाही. वॉरंटीत बुडबुडे, सुटणं, रंग बदलणं असतं, ओरखडे नसतात. जुनी फिल्म काढायची मजुरी धरली आहे का, तेवढं विचारा.

बसवताना काय बिघडतं

फिल्म नेहमी काचेच्या आतल्या बाजूने लागते. जाडी 38 ते 50 मायक्रॉन. एका बाजूला ओरखडा-रोधक थर, दुसऱ्या बाजूला डिंक आणि त्यावर सोलून टाकायचा कागद. काचेवर आणि डिंकावर साबणाचं पाणी मारून ती सरकवत जागेवर आणायची आणि स्क्विजीने (पाणी ओढायच्या रबरी पट्टीने) पाणी मधून कडेला पिळून काढायचं. पाणी गाळलेलं, क्षार नसलेलं. लिटरमागे बेबी शॅम्पू अर्धा चमचा. साबण जास्त झाला की डिंक पकडत नाही आणि धुकट राहतो, कमी झाला की फिल्म पहिल्याच स्पर्शाला चिकटते, सरकत नाही आणि चुणी पडते. एकदा पडलेली चुणी जात नाही.

वक्र काचेसाठी फिल्म आधी काचेच्या बाहेरच्या बाजूला पसरून हीटगनने आकुंचित करतात. पॉलिएस्टर रोलच्या लांबीच्या दिशेने आटतं, आडवं फारसं नाही, म्हणून फिल्म कुठल्या दिशेने कापली यावर सगळं अवलंबून. गन एका जागी थांबली की फिल्म करपून मळकट होते, काच गार असेल तर तडकतेही. मागची काच एका तुकड्यात बसवणार का, हे आधीच विचारा. दोन तुकडे जोडून बसवणारा कारागीर आकुंचन टाळतोय. जोड डिफॉगरच्या (काचेवरचं धुकं घालवणाऱ्या) तारेवर लपवला तरी काही महिन्यांनी उचकतो.

कडांच्या काळ्या ठिपक्यांच्या पट्टीवर फिल्म पूर्ण टेकत नाही, कारण ठिपके उंच असतात. तिथे दिसणारी पांढरट रेघ ही कारागिराची चूक नाही. मुद्दामहून घासून किंवा त्या पट्टीखालच्या फटी भरून ती कमी करतात, शून्य होत नाही.

दारांच्या काचेत वरची कड दिसते. चांगला कारागीर काच सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर खाली घेऊन फिल्म काचेच्या कडेपासून एक-दीड मिलिमीटर आत, सरळ रेषेत संपवतो, मग काच वर घेऊन खालची कड रबराच्या आत पाच-सात मिलिमीटर दाबतो. खालून उजेडाची फट दिसली तर खालची कड अपुरी आहे, दोन महिन्यांत ती सोलेल. पॅटर्न संगणकावरून प्लॉटरने कापलेला असेल तर काचेवर ब्लेड चालवावंच लागत नाही. हाताने कापणारे वाईट नसतात, पण रबरावर आणि काचेवर ब्लेडच्या रेघा ओढून ठेवणारेही त्यांच्यातच.

पाणी हा सगळ्यात महागडा अपघात. पुढच्या काचेवर मारलेलं पाणी डॅशबोर्डच्या फटीत उतरतं, तिथून खाली वायरिंगवर आणि कंट्रोल युनिटवर. दारात ते काचेच्या बटणांत जातं. काम सुरू होण्याआधी डॅशबोर्डवर जाड टॉवेल, कडेला शोषक पट्टी आणि दाराच्या पॅनलवर प्लास्टिक घातलं का, हे पाहायला लाज वाटू देऊ नका.

गाडी ताब्यात घेताना उन्हाकडे तोंड करून प्रत्येक काच आतून पाहा. पाण्याचे चपटे फुगे आणि धुकटपणा चालेल, वाळले की जातात. टोकदार, मध्ये काळा ठिपका असलेला फुगा म्हणजे धूळ, ती राहणार. एका काचेत एखाद-दुसरा कण कुणाकडेही राहतो, पण नजरेच्या रेषेत किंवा ओळीने आठ-दहा दिसले तर ती काच परत करून मागा. कडेला बोटांसारखे उभे फुगे म्हणजे आकुंचन अपुरं, ते स्क्विजीने दाबून तात्पुरते बसतात आणि आठवड्यात उठतात.

काचा चार-पाच दिवस खाली घेऊ नयेत. सिरॅमिक आणि बहुथरी फिल्म जाड असल्याने पाणी सावकाश सुटतं. ऊबदार हवेत आठवड्यात वाळते, थंड दमट हवेत महिना लागू शकतो. फुग्याला टाचणी लावायची खाज आवरा. पुसताना मऊ मायक्रोफायबर आणि अमोनिया नसलेला क्लीनर. अमोनिया रंग आणि डिंक दोन्ही खातो. फिल्मवर सक्शन कपचा मोबाइल होल्डर आणि स्टिकर नको, काढताना फिल्मचा वरचा थर सोबत येतो.

काढायची वेळ आलीच तर वाफेने. मागच्या काचेवर डिफॉगरच्या तारा काचेवर नुसत्या छापलेल्या असतात. फिल्म तारांना समांतर, सावकाश, गरम असतानाच सोलायची, आणि उरलेला डिंक ब्लेडने नाही तर डिंक विरघळवणारं द्रव आणि प्लास्टिकची पट्टी यांनी काढायचा. ब्लेडची एक तिरपी ओढ पुरते तार तुटायला. मग त्या जागी दुरुस्ती पेस्ट लावावी लागते, आणि ती नव्या फिल्मखाली कायम दिसत राहते.